शब्दचर्चा : ‘बारो माशे तेरो पार्बोन’ – सण म्हणावे की पर्वणी?

आमच्या शेजारच्या बंगाली आजींनी आपल्या लहानपणच्या सणावारांच्या आठवणी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. नातवंडे इकडेच वाढली. त्यांना बंगाली समजते, वाचता येत नाही. मराठी मात्र सराईत वाचतात. म्हणून मी ती वही मराठीत आणायला घेतली आहे आणि पहिल्याच ओळीला अडकले आहे. ओळ आहे ‘बारो माशे तेरो पार्बोन’, म्हणजे बारा महिन्यांत तेरा... पुढे काय? लिहिताना ते ‘पार्वण’ असे लिहितात, उच्चार पार्बोन. मला आधी ‘पर्वणी’ सुचले, कारण शब्द जवळचा वाटला. पण वाचून पाहिले तर कानाला खटकते. जाणकारांनी मदत करावी. वहीत असे शब्द पुष्कळ आहेत, एकेक विचारीन.

प्रतिसाद

ताई, ‘पर्वणी’ नकोच. मूळ एकच आहे हे खरे. संस्कृत ‘पर्वन्’ म्हणजे सांधा, कांडे. उसाचे पेर, बोटाचे पेर हे त्याच शब्दाचे घासून गुळगुळीत झालेले रूप. दोन पक्ष जिथे सांधतात ती अमावास्या-पौर्णिमा, म्हणून तेही पर्व. पण मराठीत पर्वणी म्हणजे क्वचित येणारा योग. नाशिकच्या सिंहस्थातल्या स्नानाची पर्वणी, किंवा बोलताना ‘त्यांचं गाणं ऐकायला मिळणं ही पर्वणीच’. जे दुर्मीळ तेच पर्वणी. बंगाली म्हण नेमके उलटे सांगते : इतके सण, की महिने पुरत नाहीत.

सरळ ‘सण’ लिहा. हा शब्दही ‘क्षण’वरून आलेला आहे आणि संस्कृतात ‘क्षण’चा एक अर्थ उत्सव असाही होता. तेव्हा तुम्ही काही गमावत नाही. आणि आमच्या गोव्यात कोकणीत सणाला ‘परब’ म्हणतात. बंगालच्या पश्चिमेला पुरुलियाकडे पौषातल्या टुसूच्या सणाला ‘टुसू परब’ म्हणतात. देशाच्या दोन टोकांना तोच शब्द, तोच अर्थ, आणि मधे आपण मात्र त्याची पर्वणी करून तो उंच फळीवर ठेवला.

प्रतिसाद

तेरा कसे आले? अधिकमास धरून तेरा महिने होतात, त्यावरून असेल का?

मूळ लेखिका

मलाही तसेच वाटले होते. पण त्यांच्याकडे अधिकमासाला ‘मलमास’ म्हणतात आणि त्यात सण वाढत नाहीत, उलट पुढे ढकलले जातात. 2020 साली महालया, म्हणजे सर्वपित्री अमावास्या, 17 सप्टेंबरला होती आणि दुर्गापूजेची षष्ठी थेट 22 ऑक्टोबरला. एरवी हे अंतर आठवड्याभराचे. त्यांचे महिने सूर्याचे, पूजेच्या तिथ्या चंद्राच्या, त्यामुळे त्या वर्षी आश्विनातली पूजा बंगाली कार्तिकात गेली. आजी म्हणाल्या, तेरा म्हणजे बारापेक्षा जास्त, इतकेच. मला ते पटले.

पुढचा प्रश्न. वहीत आहे, ‘बाबा कामवालीला पार्बोणी द्यायचे.’ आता ही पार्बोणी कोणती?

प्रतिसाद

ही आपली पोस्त. दिवाळीला गडीमाणसांना, पोस्टमनला देतो ती. ‘पार्बोणी’ म्हणजे सणाची बक्षिसी. ‘पर्वणी दिली’ असे चुकूनही लिहू नका, वाचणाऱ्याला काहीच उमगणार नाही. ‘पोस्त’ शब्द नव्या मुलांना माहीत नसेल, पण या निमित्ताने होऊ द्या.

प्रतिसाद

अनुवादात आणखी एक खड्डा आहे. बंगाली ‘उपोस’ म्हणजे आपला उपास, ‘उपोशी’ म्हणजे उपाशी, ‘पारोन’ म्हणजे पारणे. इथवर सगळे सरळ. पण ते ‘उपोस भांगा’ म्हणतात, शब्दशः उपास मोडणे, आणि त्याचा अर्थ असतो उपास सोडणे. मराठीत उपास सोडणे हे पुण्याचे काम आणि उपास मोडणे ही चूक. ‘आईने संध्याकाळी उपास मोडला’ असे लिहिलेत तर बिचाऱ्या पणजीवर नसता आरोप येईल!

मूळ लेखिका

अगदी वेळेवर सांगितलेत. मी दोन ठिकाणी तसेच लिहिले होते, आत्ताच दुरुस्त केले.

आता ज्या शब्दावर माझे चार दिवस गेले तो : ‘फलार’. दिसतो आपला फराळ. दोन्ही ‘फलाहार’चे अपभ्रंश. पण वहीतल्या फलारात आहेत भिजवलेले पोहे, दही, केळी आणि गूळ, सगळे हाताने कालवलेले. पुढे एका घरच्या समारंभात फलार म्हणून पानात चक्क गरम लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि मिठाई.

प्रतिसाद

बरोबर आहे. पोह्यादह्याचा तो ‘काँचा फलार’, म्हणजे कच्चा, चूल न लागणारा. लुच्यांचा तो ‘पाका फलार’. ‘फलाहार’तली फळे केळ्यापुरती उरली, आणि भात नसलेले जेवण असा अर्थ झाला. भात हेच तिकडे जेवण. अनेक घरांत उपासाच्या दिवशी भात टाळला की लुची चालते. आपल्या उपासात गव्हाला जागा नाही, म्हणून मराठी वाचक दचकेल.

पण आपला फराळ तरी कुठे सरळ आहे? एकादशीचा फराळ म्हणजे साबुदाणा, भगर, रताळी. दिवाळीचा फराळ म्हणजे चकली, चिवडा, लाडू, ज्यातले निम्मे एकादशीला वर्ज्य. दोन्हींत फळ नाही. एकाच फलाहारातून बंगाल दहीपोह्यांकडे गेला आणि आपण चकलीकडे. म्हणून ‘फराळ’ हा प्रतिशब्द इथे निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत. ‘फलार’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पोहे, दही, केळी कालवून केलेला’ असे वाक्यातच गुंफा. तळटीप नको. आजी बोलताना तळटीप देत नसतात.

मूळ लेखिका

नीलषष्ठीचे काय करू? वहीत चैत्र संपायच्या आदल्या दिवशी आई दिवसभर उपाशी राहते, संध्याकाळी महादेवावर पाणी घालते, ‘नीलाच्या घरी’ दिवा लावते, मग फळे-साबुदाणा खाते. मी पंचांग काढून पाहिले, त्या वर्षी त्या दिवशी षष्ठी नव्हती. आजींची तारीख चुकली की काय, असे वाटले.

प्रतिसाद

आजी चुकलेल्या नाहीत. नीलषष्ठी षष्ठीला नसतेच. ती चैत्र संक्रांतीच्या, म्हणजे बंगाली चैत्राच्या शेवटच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी, तिथी कोणतीही असो. ‘नील’ म्हणजे नीलकंठ महादेव. आणि ‘षष्ठी’ म्हणजे तिथी नव्हे, देवी. मुलाबाळांची राखण करणारी, मांजरावर बसणारी. तिच्या नावाने वर्षभर व्रते असतात : चैत्रात अशोकषष्ठी, ज्येष्ठात अरण्यषष्ठी, जिला सगळे आता जामाईषष्ठी म्हणतात आणि जावयाला जेवू घालतात, माघात सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी शीतलषष्ठी. त्या बहुतेक तिथीवरच्या. पण मुलांसाठी आई करते ते व्रत म्हणजे षष्ठी, असा अर्थ इतका घट्ट झाला की तिथी नसतानाही नाव टिकले.

आपल्याकडे हीच देवी सटवाई आहे. षष्ठीची सटी, सटीची सटवी, सटवाई. बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी. ‘षष्ठी’ म्हटले की मराठी वाचकाला चंपाषष्ठी आठवेल आणि तो तिथी शोधत बसेल, तुम्ही बसलात तसा. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘षष्ठीदेवी’ लिहा. शेजारी सटवाईचे नाव आले तर उत्तमच.

प्रतिसाद

आणि ‘संक्रांत’ जपून वापरा. त्यांच्याकडे प्रत्येक महिन्याचा शेवटचा दिवस संक्रांत. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ, नाहीतर संकट. ‘भाद्र संक्रांत आली’ वाचून लोक घाबरतील. ‘भाद्र महिना संपला त्या दिवशी’ असे साधे लिहा.

मूळ लेखिका

त्याच दिवसाचा शब्द आहे ‘अरंधन’. आदल्या रात्री सगळे रांधून ठेवायचे आणि भाद्राच्या शेवटच्या दिवशी चूल न पेटवता, सापांची देवी मनसा हिची पूजा करून ते गार अन्न खायचे. हा शब्द मी तसाच ठेवणार आहे. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ म्हणणाऱ्या बायकांना अरंधन समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिसाद

ठेवाच. या शब्दाला इतिहासही आहे. 16 ऑक्टोबर 1905 रोजी, बंगाली 30 आश्विन 1312 ला, बंगालची फाळणी अमलात आली तेव्हा बंगाली लेखक रामेंद्रसुंदर त्रिवेदींनी घरोघर अरंधन पाळण्याचे सुचवले होते. सणाचा शब्द त्या दिवशी दुःखाचा आणि निषेधाचा झाला. ‘चूल बंद’ म्हटले तर यातला सण हरवतो आणि ‘शिळासप्तमी’ म्हटले तर हा दिवस हरवतो.

मूळ लेखिका

हे आजींना वाचून दाखवले. त्यांच्या आईच्या आईने तो दिवस पाहिला होता म्हणाल्या.

एक शेवटचे. मूल ठेचकाळले की आजी ‘बालाई षाट, षाट षाट’ म्हणतात. वहीतही आहे. यातले षाट म्हणजे पुन्हा तीच षष्ठी. मराठीत काय लिहू?

प्रतिसाद

‘बालाई’ म्हणजे बला, तिच्यासाठी ‘इडापिडा टळो’ आहे आपल्याकडे. ‘षाट’ला काही नाही.

मूळ लेखिका

मग ‘इडापिडा टळो, षाट षाट’ असे लिहिते. नातवंडांनी हा शब्द गुडघे फोडून घेताना शेकडो वेळा ऐकला आहे.