शाळेत ‘शहाणी मुलगी’, घरी आल्यावर रोज कोसळते. शिक्षिकेशी कसं बोलू? (मदत हवी आहे)

नमस्कार. इथले पालकत्वाचे धागे मी बरेच दिवस नुसती वाचत आले आहे. आज लिहायला घेतलंय, थोडं लांबेल.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. दोन महिन्यांपूर्वी तिच्या तपासण्या पूर्ण झाल्या. एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं ती अवस्था) निघालं, त्यातला लक्ष टिकत नाही तो प्रकार (धावपळ, उड्या वगैरे नाहीत), आणि सोबत ऑटिझम (स्वमग्नता). आम्हाला वाटायचं यातलं एकच काहीतरी असू शकतं. डॉक्टर म्हणाल्या, पूर्वी निदानाचे नियमही तसेच होते. ऑटिझम असेल तर एडीएचडी वेगळं नोंदवायचं नाही असं होतं, ते २०१३ मध्ये डीएसएम-५ (डॉक्टर मानसिक निदानासाठी वापरतात ती अमेरिकन नियमावली) आल्यावर बदललं. आता दोन्ही एकत्र असणं नेहमीचं मानतात. मला हे ऐकून हायसं वाटलं, कारण तिच्यात दोन उलटसुलट गोष्टी दिसायच्या. सगळं ठरलेल्या क्रमाने हवं असतं आणि तो क्रम तिच्याच लक्षात राहत नाही.

आता खरी अडचण. शाळेत ती कुणालाच त्रास देत नाही.

रोज साधारण हेच होतं. दारात बूट काढतानाच सुरुवात. मोज्याची शिवण बोटांवर आलेली असते. ती सकाळपासूनच तशी असणार, पण बोचायला लागते ती दारात आल्यावर. मोजा पहिल्या झटक्यात निघाला नाही की ती तिथेच आडवी होते. मग रडणं, पाय आपटणं, दप्तर फेकणं. गणवेशाची डावी बाही मनगटापासून चार बोटं ओली असते, चावून चावून कड विरलेली. रोज डावीच. उजवी कधीच नाही, कारण उजव्या हाताने ती लिहीत असते. हे माझ्या लक्षात यायला मला वर्ष लागलं.

हा हट्ट नाही हे मला आता नीट कळतं. हट्ट करणारं मूल मधूनच बघतं की आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. हिला त्या वेळी काही देऊ केलं तरी ते दिसतच नाही. पूर्वी मी त्याच वेळी समजावत बसायचे, ‘नीट सांग काय झालं, शाळेत कुणी काही बोललं का’. प्रत्येक प्रश्नागणिक ते वाढायचं. आवाज चढवलाय, एकदोनदा दंडाला धरून उभंही केलंय. त्याचं मला फार वाईट वाटतं. आता दिवा मंद करते, तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसते आणि काहीच बोलत नाही. आधी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालायचं, आता पंधरा-वीस मिनिटांत ती स्वतःहून येऊन टेकते.

हे मी वर्गशिक्षिकेला सांगितलं. त्या मनापासून चकित झाल्या. ‘अशा दहा मुली मला वर्गात द्या, मी आनंदाने शिकवेन. इथे तर ती शब्द बोलत नाही.’ आणि मग थोडं थांबून, ‘घरी लाड जरा जास्त होतात का?’ बाई वाईट नाहीत, हे आवर्जून सांगते. त्यांना जे दिसतं तेच त्या सांगतायत. पण त्या दिवशी मी रिपोर्ट न दाखवताच परत आले.

समुपदेशकांनी मास्किंग समजावून सांगितलं. इतरांसारखं दिसण्यासाठी मूल दिवसभर स्वतःला आवरून धरतं, हालचाली दाबतं, बाकीच्यांचं बघून वागतं. मुलींमध्ये हे जास्त आढळतं आणि त्यामुळेच पुष्कळ मुलींचं निदान उशिरा होतं. मला आधी ते पटलं नव्हतं. मग वर्गातल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ परत पाहिला. बाई ‘बसा’ म्हणतात, सगळी मुलं बसतात. ही शेजारच्या मुलीकडे बघते आणि मग बसते. सगळे हसतात, ही शेजारणीकडे बघते, मग हसते. टाळ्यांचंही तसंच. पूर्ण व्हिडिओत ती प्रत्येक वेळी क्षणभर मागे आहे. दिवसाचे सहा तास हे करायचं आणि वर अभ्यासही करायचा!

गृहपाठ हे आणखी एक दुखणं. तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं देते, लिहायला तीन ओळींना तास. चाचणीतही तसंच आलं. भाषेची समज वयापेक्षा वरची, वर्किंग मेमरी (गोष्ट क्षणभर डोक्यात धरून ठेवणं) आणि प्रोसेसिंग स्पीड (समोरचं टिपून काम करायचा वेग) बरेच खाली. म्हणजे फळ्यावर बघायचं, शब्द डोक्यात धरायचा, मान खाली घालायची, वहीत आपली ओळ शोधायची, तेवढ्यात शब्द निसटलेला असतो. परत वर बघायचं. वहीत अर्धवट वाक्यं आणि खाली लाल शेरा, ‘लक्ष देऊन लिही’.

औषधांबद्दल इथे विचारत नाहीये, ते डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. मला दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. शाळेला काही दिसतच नाही तर मागायचं काय आणि कसं? निदानाचं नाव सांगितलं की बाई तिला वेगळ्या नजरेने बघतील, ही भीती आहे. न सांगावं तर मदत कुठल्या नावाखाली मागू? आणि दुसरं, खुद्द मुलीला सांगायचं का? आठव्या वर्षी? गेल्या आठवड्यात तिने झोपताना विचारलं, ‘माझं डोकं बिघडलंय का?’ मी ‘छे, काहीतरीच काय’ म्हणून पांघरूण घातलं. तेव्हापासून मला चैन नाही.

धाकटा पाच वर्षांचा आहे. तो म्हणतो, ‘ताईने फेकलं तर चालतं, मी फेकलं तर का नाही?’ त्याला काय सांगता तुम्ही, तेही लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी प्राथमिकला शिकवते, म्हणून बाईंच्या बाजूने आधी बोलते. चाळीस मुलांच्या वर्गात आमचं लक्ष जातं ते गोंधळ घालणाऱ्याकडे. गप्प बसलेलं मूल म्हणजे सुखी मूल, असं आम्ही धरून चालतो. मीही वर्षानुवर्षं धरलंय. तेव्हा ‘तुम्हाला दिसत कसं नाही’ असा सूर लागला की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. तुम्ही त्यांना बघायचं काम द्या. मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर असते? एखाद्या तासाला अचानक बदल झाला तर पहिली दोन मिनिटं काय करते? शौचालयाला जायचं असलं तर विचारते का? (माझ्या वर्गात एक मुलगी वर्षभर विचारायचीच नाही, घरी जाईपर्यंत धरून ठेवायची. मला पालकांकडून कळलं.) दोन आठवडे बघा आणि मला सांगा, एवढंच म्हणा.

आणि बाही दाखवा. खरंच सांगते, दहा पानी रिपोर्टपेक्षा ती ओली बाही माझ्या लवकर डोक्यात शिरली असती.

मागताना एका वेळी एकच मागा. माझ्या मते पहिली मागणी फळ्यावरून उतरवण्याची. छापील कागद द्यायचा किंवा निम्मंच उतरवायचं, बाकीचं तोंडी. याला शिक्षकाचा वेळ जात नाही, म्हणून होकार मिळतो. त्यानंतर बाकावर दिवसाच्या तासांची चिट्ठी, बदल होणार असेल तर पाच मिनिटं आधी तिच्या बाकापाशी जाऊन हळूच सांगणं, आणि न बोलता बाहेर जाऊन पाणी पिऊन येता येईल असं एखादं कार्ड. कार्ड पुष्कळ मुलं फारसं वापरत नाहीत, पण ते कंपासमध्ये आहे यानेच निभावतं.

निदान सांगायचं की नाही, हा निर्णय तुमचा. माझं मत, सांगा, पण लेखी, आणि कुणाकुणाला कळावं तेही त्यात लिहा. परीक्षेत जास्तीचा वेळ मागायचा झाला तर कागद लागतोच.

प्रतिसाद २

एवढी काळजी करू नका. सगळीच मुलं शाळेतून दमून येतात. आमच्या वेळी ही नावं नव्हती, दोन धपाटे मिळायचे आणि आम्ही सुधारलो. लेबल लावलं की मूल त्याच्याच आड लपतं.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला उत्तर देतोय. आमच्या वेळीही नावं होतीच. मला ‘आळशी’, ‘तुसडा’ आणि ‘हुशार आहे पण वाया चाललाय’ ही तीन लेबलं होती आणि ती मी खरी मानली. ऑटिझमचं निदान चौतिसाव्या वर्षी झालं. ताईंच्या मुलीला लेबल नकोच असेल तर ‘माझं डोकं बिघडलंय का’ हा प्रश्न तिने कुठून आणला? तिने स्वतःला एक लावून घेतलंय आधीच.

ताई, तिला सांगा. समोर बसवून मोठं भाषण नको. तिच्या ओळखीच्या गोष्टींपासून सुरू करा. मोज्याची शिवण तुला जोरात कळते, आम्हाला कळतही नाही. डायनासोर किंवा तिला जे आवडत असेल त्यात तू तासन्तास रमतेस. शब्द डोक्यातून निसटतात. असं डोकं असणारी पुष्कळ माणसं आहेत आणि त्याला नाव आहे. मग नाव. तिने पुढे विचारलं तरच पुढे बोला. नाही विचारलं तर चार दिवसांनी विचारेल. आणि ‘छे, काहीतरीच’ म्हणालात ते मागे घ्या, तिला ते आठवत असणार. ‘त्या दिवशी मला उत्तर नीट देता आलं नाही’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

एक गोष्ट पालकांनी वाचावी असं वाटतं. डेमियन मिल्टन नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, ही गोष्ट एकतर्फी नाही. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. गैरसमज दोघांच्या मधे असतो. हे वाचलं त्या दिवशी मी पहिल्यांदा बायकोला सांगू शकलो की जेवताना मी गप्प असतो तेव्हा रागावलेला नसतो.

दारातल्या त्या वेळेबद्दल. शाळेतून आल्यावर ‘आज काय काय झालं’ हा प्रश्न मला लहानपणी परीक्षेसारखा वाटायचा. पहिला तास काहीच विचारू नका. मोजे गाडीतच किंवा रस्त्यातच काढता आले तर काढा. चावायला काहीतरी हक्काचं द्या, सिलिकॉनची पेंडंट मिळतात, ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं आणि संवेदना सांभाळायला मदत करणारे तज्ज्ञ) विचारा. चावणं बंद करायच्या मागे लागू नका. त्यानेच ती बसू शकतेय.

प्रतिसाद ४ (धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

‘धपाटे’ लिहिणाऱ्या दादांना एवढंच सांगते की तो मार्ग मी वापरून पाहिला आहे. ती गप्प झाली, पण रात्री झोपेत दात खायला लागली.

बाही घेऊन गेले. खरंच गणवेशाचा सदराच पिशवीतून नेला. बाईंनी विरलेली कड बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘मला वाटायचं हात गालाला टेकून ऐकतेय.’ दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून फोन केला. मधल्या सुट्टीत ती रोज वाचनालयाच्या दारापाशी उभी असते, आत जात नाही, कारण आत जायला विचारावं लागतं. आता ती वाचनालयातली पुस्तकं आवरायला जाते, तसं काम तिला दिलंय. छापील कागदही सुरू झालाय. कार्डाला मात्र नाही म्हणाल्या, सगळीच मुलं मागतील म्हणून. ते पुन्हा विचारेन. निदान लेखी दिलं, फक्त बाई आणि मुख्याध्यापिकांसाठी.

तिलाही सांगितलं. मोज्यापासूनच सुरू केलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि विचारलं, ‘मग बाबांना पण आहे का?’ नवरा शेजारीच होता. त्याच्या शर्टांची मागची सगळी लेबलं आमच्या लग्नाआधीपासून कापलेली आहेत. तो म्हणाला, ‘बहुतेक.’ त्यावर त्याचं आणि माझं अजून बोलणं चालू आहे.

धाकट्याला सांगितलं की फेकणं कुणाचंच चालत नाही, पण ताईला त्या वेळी ऐकू येत नाही, म्हणून तिला नंतर सांगतो. तिने फेकलेलं ती शांत झाल्यावर उचलते, हे त्याने स्वतः पाहिलं तेव्हा त्याला पटलं.

सगळं सुरळीत झालेलं नाही. गेल्या गुरुवारी अर्धा तास कोसळली होती, वर्गात बदली बाई आल्या होत्या आणि तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता एक नवीन विचारते. वार्षिक कार्यक्रमाच्या तालमी पुढच्या महिन्यात सुरू होतील. मोठे स्पीकर, पन्नास मुलं, रोज तासभर. मी बाईंना सांगून तिला वगळणार होते, तर ती म्हणाली, ‘मला नाचायचंय, फक्त गाणं हळू हवं.’ कानावर आवाज कमी करणारे हेडफोन घालून रंगमंचावर गेलेलं मूल कुणाच्या घरी आहे का? नाचताना ते निसटतात का, आणि बाकीच्या मुलांना आधी काय सांगितलंत?