पाठ केलेलं भाषण मधेच अडकतं
भाषण पाठ करावं का असं कोणी विचारलं तर सांगतो, अख्खं भाषण पाठ करूच नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं गायब. माझं ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये असंच झालं होतं, स्लाइडकडे बघत नुसता उभा! आता सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक तेवढं घोकतो, मधले मुद्दे चिठ्ठीवर. टोस्टमास्टर्स क्लबचा (लोक जमून भाषणाचा सराव करतात तो) पण फायदा झाला, तिथे टेबल टॉपिक्स नावाच्या भागात विषय ऐनवेळी मिळतो आणि १ ते २ मिनिटं बोलायचं, शिवाय एक जण तुमचे 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजत बसतो (माझे किती निघाले ते विचारू नका). क्लब जवळ नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतःच मोजा, आधी आपलाच आवाज ऐकवत नाही पण ऐका.