छत्तीसचा आकडा आणि बाकीचे छत्तीस

प्रश्न : ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे वितुष्ट, हे आपण सर्व जाणतो, परंतु पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी छत्तीस गुण मिळाले, तर तोच आकडा परिपूर्ण मेळाचा ठरतो. एकच संख्या परस्परविरोधी अर्थ कशी धारण करते? शिवाय अ‍ॅडलेडच्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत संपला, राफेल विमाने आली तीही ३६, आणि आपल्या सैन्यातला जुना हातबॉम्ब ‘छत्तीस नंबर’चा. या सर्वांमागे काही समान सूत्र आहे, की हा निव्वळ योगायोग समजावा? आणि ३६ धावांवर बाद झालेल्या संघाविषयी ‘भारताचा छत्तीसचा आकडा’ असे लिहिले, तर ते शुद्ध मानावे का?

उत्तर : समान सूत्र नाही. किंबहुना या यादीतली गंमत अशी की, प्रत्येक ठिकाणी छत्तीस निराळ्या वाटेने आलेला आहे आणि वाक्प्रचारातला छत्तीस तर संख्या म्हणून आलेलाच नाही; तिथे तो चित्र म्हणून आलेला आहे. देवनागरीत ३ चे तोंड डावीकडे उघडते आणि ६ चे उजवीकडे, त्यामुळे ३६ लिहिल्यावर दोन्ही अंक एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. त्या आकड्याचे मूल्य काय, तो कशाने विभागला जातो, याचा वाक्प्रचाराशी काहीही संबंध नाही. म्हणूनच ‘छत्तीसची संख्या’ असे कोणी म्हणत नाही, ‘आकडा’च म्हणतात, कारण आकडा लिहिला जातो आणि डोळ्यांना दिसतो. हिंदी आणि गुजरातीतही हा प्रयोग आहे, कारण त्या लिप्यांतही या दोन अंकांची वळणे तशीच आहेत. अंक उलटे केले की ६३ होतात आणि समोरासमोर येतात. तुलसीदासांच्या नावे प्रचलित असलेल्या एका दोह्यात जगाशी छत्तीस होऊन राहावे आणि रामचरणांशी त्रेसष्ट व्हावे, असा उपदेश आहे. त्याचा सगळा खेळ याच चित्रावर उभा आहे.

पत्रिकेतला छत्तीस मात्र निव्वळ बेरजेचा आहे. वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८ असे चढते गुण दिले आहेत, आणि त्यांची बेरीज ३६ भरते. निम्मे, म्हणजे अठरा गुण जुळले तरी पत्रिका जमली असे सामान्यतः मानतात. आठांऐवजी सात कूटे असती तर पूर्ण गुण २८ झाले असते आणि आपला प्रश्नच उद्भवला नसता. तात्पर्य, ‘त्यांचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते, पण आता त्यांचा छत्तीसचा आकडा आहे’ या वाक्यात अर्थदृष्ट्या कोणताही विरोध नाही. असलाच तर तो त्या दांपत्याच्या संसारात आहे.

आता शुद्धतेविषयी. या वाक्प्रचाराला दोन पक्ष लागतात. ‘सासू-सुनेचा छत्तीसचा आकडा आहे’, ‘त्याचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा आहे’ ही वाक्ये नीट आहेत, कारण पाठ फिरवायला समोर कोणीतरी असावे लागते. ‘भारताचा छत्तीसचा आकडा’ यात दुसरा पक्ष नाही, म्हणून तो वाक्प्रचार होत नाही. फार तर शब्दखेळ होतो. दुसरे असे की, तो कायमच्या वृत्तीसाठी आहे, प्रसंगासाठी नाही. ‘काल बैठकीत त्यांचा छत्तीसचा आकडा झाला’ हे कानाला खटकते. तिथे खटका उडाला, वाजले किंवा बिनसले असे म्हणावे.

प्रतिप्रश्न : मग ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ आणि ‘छत्तीसचा आकडा’ यांत फरक काय? कोशात दोन्हींचा अर्थ हाडवैर असाच दिला, तर चालेल का?

उत्तर : काम चालेल, पण छटा हरवतील. विळ्याभोपळ्याच्या सख्यात कापणारा एक आणि कापला जाणारा दुसरा हे आधीच ठरलेले असते. साप-मुंगसाच्या वैरात दोघेही चवताळलेले असतात आणि समोरासमोर असतात. छत्तीसच्या आकड्यात कोणी कोणावर चालून जात नाही; दोघांनी तोंडे फिरवलेली असतात आणि दोघांचा वाटा सारखाच असतो. अबोला, टाळाटाळ, एकाने पूर्व म्हटले की दुसऱ्याने पश्चिम म्हणणे, हे त्याचे खरे क्षेत्र होय. आकृतीच्याच भाषेत बोलायचे, तर आखाड्यातले दोन मल्ल हे ६३ असतात, ३६ नव्हेत. म्हणून त्रेसष्टाला केवळ प्रेमाचा आकडा मानणेही मला थोडे घाईचे वाटते. या प्रयोगाच्या सर्वांत जवळचा म्हणजे ‘त्यांच्यातून विस्तव जात नाही’ हा. तरी त्यात धग आहे आणि छत्तीसमध्ये गारठा आहे.

पुरवणी : मूळ प्रश्नातील खेळाचा आणि शस्त्रांचा भाग उत्तरात राहून गेला आहे, तो येथे जोडतो.

क्रिकेटमधला एक छत्तीस गुणाकाराचा आहे. षटकात नियमाप्रमाणे सहा चेंडू आणि एका फटक्याला जास्तीत जास्त सहा धावा, म्हणून ३६ ही षटकाची भिंत ठरते. गॅरी सोबर्स यांनी १९६८ मध्ये स्वान्सीला, रवी शास्त्री यांनी जानेवारी १९८५ मध्ये वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजविरुद्ध आणि युवराज सिंगने २००७ मध्ये डर्बनला स्टुअर्ट ब्रॉडविरुद्ध ती गाठली. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले आणि एका नो-बॉलच्या कृपेने त्या षटकात ४३ धावा निघाल्या. म्हणजे भिंत फलंदाजाला कितीही बळ असले तरी भक्कमच असते, तिला भगदाड पडते ते गोलंदाजाच्या पायामुळे.

अ‍ॅडलेडचा छत्तीस याच्या जातीचा नाही. १९ डिसेंबर २०२० रोजी गुलाबी चेंडूच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांवर संपला, एकाही फलंदाजाला दोन अंकी धावा करता आल्या नाहीत, आणि १९७४ मधील लॉर्ड्सच्या ४२ धावांचा नीचांक मागे पडला. तो आकडा ३५ किंवा ३८ असता तरी अनर्थ तितकाच होता. गावसकरांचा छत्तीसही तसाच. ७ जून १९७५ रोजी, पहिल्या विश्वचषकाच्या सामन्यात, इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्यावर ते १७४ चेंडूंत नाबाद ३६ राहिले. भारताची मजल ३ बाद १३२ पर्यंतच गेली. येथे मात्र ‘गावसकर आणि धावगती यांचा त्या दिवशी छत्तीसचा आकडा होता’ असे लिहिल्यास दोन पक्षांची अट पूर्ण होते. ‘त्या दिवशी’ हे शब्द वर सांगितलेल्या दुसऱ्या नियमात बसत नाहीत, परंतु श्लेषासाठी एवढी सूट असावी.

शस्त्रांकडे वळता, हातबॉम्बाचा छत्तीस हा केवळ नमुन्याचा अनुक्रमांक आहे. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांचा हातबॉम्ब १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात आला तो पाचव्या क्रमांकाने. पुढे तेविसावा आणि छत्तिसावा असे सुधारित नमुने झाले. ‘३६ एम’मधला एम मेसोपोटेमियाचा, तिथल्या हवेत दारूगोळा टिकावा म्हणून या नमुन्यावर लाखेचा थर दिला जात असे. हा बॉम्ब भारतीय सैन्याने स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके वापरला, आणि त्याची जागा घेणारे स्वदेशी बहुपर्यायी हातबॉम्ब ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर येथे सैन्याच्या हवाली करण्यात आले. राफेलचा छत्तीस मात्र वाटणीचा. आधी १२६ विमानांची बोलणी होती, सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला तो ३६ विमानांचा, आणि अंबाला व हासीमारा येथील दोन स्क्वाड्रनना ती अठरा-अठरा अशी दिली गेली.

छत्तीसगडच्या नावामागे सांगितली जाणारी गडांची संख्याही शिवनाथ नदीच्या दोन बाजूंना अठरा-अठरा अशीच आहे. त्या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत, हे येथे जाता जाता नोंदवतो.

शंका : कापडाच्या दुकानात ‘छत्तीस पन्हा’ म्हणतात, तो कोणत्या वर्गातला?

उत्तर : मापाच्या. एक वार म्हणजे तीन फूट, तीन फूट म्हणजे ३६ इंच. त्या हिशेबाने नऊवारीत नऊ वेळा छत्तीस येतात आणि ती ३२४ इंच भरते. ‘छत्तीस पन्हा’ म्हणजे एक वार रुंदीचे कापड. छायाचित्रांच्या जुन्या रोलमधले छत्तीस फोटोही मापाचेच समजावेत. फिल्मची लांबी तेवढी होती, आणि सावधपणे रोल भरणारा माणूस त्यातून सदतिसावा फोटोही काढत असे.

शंका : लिहिताना ‘३६चा आकडा’ लिहावे की ‘छत्तीसचा’? आणि शालेय पुस्तकात २०१९ पासून ‘तीस सहा’ असे वाचन आले आहे, त्याचे काय?

उत्तर : गद्यात अक्षरी ‘छत्तीसचा’ लिहिण्याचा प्रघात आहे, पण या एका वाक्प्रचारापुरता मी अंकाच्या बाजूने आहे, कारण अक्षरांत लिहिताच चित्र नाहीसे होते. अंक मात्र देवनागरी हवेत; इंग्रजी वळणाच्या सहाचे पोट मिटलेले असते आणि तोंड फिरवल्याचा भास अर्धाच उरतो. ‘छत्तीस’ हा शब्द संस्कृत षट्त्रिंशत् वरून प्राकृतातून आला, म्हणून त्यात सहा आधी आणि तीस नंतर ऐकू येतात. दुसरीच्या पुस्तकातले ‘तीस सहा’ लिहिण्याच्या क्रमाशी जुळते आणि मुलांना बेरजेसाठी सोपे पडते. त्याला माझी हरकत नाही. ‘त्यांचा तीस सहाचा आकडा आहे’ असे मात्र अद्याप माझ्या कानावर आलेले नाही.