आयईपीसाठी अ‍ॅडव्होकेट कसा निवडावा? (न्यू जर्सी)

अद्वैतची आई: मुलगा दुसरीत, डिस्लेक्सिया आहे. त्याच्या आयईपीच्या, म्हणजे खास गरज असलेल्या मुलासाठी शाळा लिहून देते त्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, मीटिंगला शाळेची पाच-सहा माणसं, इकडे मी एकटी. एका अ‍ॅडव्होकेटबाई (वकील नव्हे, पालकांच्या बाजूने शाळेशी बोलणाऱ्या) फोनवरच म्हणाल्या, "शाळेला कोर्टात खेचू." फी तासावर. घेऊ का?

एडिसनकर: ताई, रिपोर्ट न वाचताच कोर्टाची भाषा करणाऱ्या बाईंना लांबूनच नमस्कार! या कामाला लायसन्स लागत नाही, कार्ड कुणीही छापतं. मुलाचा रिपोर्ट हातात द्या आणि विचारा, "तुम्ही काय मागाल?" आमच्या अ‍ॅडव्होकेटबाईंनी लेकीच्या आयईपीतल्या "वाचनात प्रगती होईल" या ओळीवर बोट ठेवलं. मोजणार कशी? कोण, किती दिवसांनी? शाळेची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग तिथे मिनिटाला किती शब्द अचूक वाचायचे, तो आकडा आला. आवाज एकदाही चढला नाही. मला तर तेच जास्त आवडलं.

शाळेचं मूल्यमापन पटलं नसेल तर स्वतंत्र मूल्यमापन लेखी मागा. शाळेने खर्च द्यायचा, नाहीतर स्वतः सुनावणी मागायची.

मिडलसेक्सची मावशी: पैसे मोजण्याआधी 'स्पॅन'ला फोन कर गं. पालकांना फुकट मदत करतात. प्रत्येक राज्यात असं केंद्र असतं.

अद्वैतची आई: आभार! नव्या आयईपीवर सही नाही केली तर थांबेल ना?

एडिसनकर: नाही हो! पहिल्या आयईपीला सही लागते, पण पुढचे इथे 15 दिवसांनी आपोआप लागू होतात. पटत नसेल तर त्याआधी मध्यस्थी किंवा सुनावणी मागा.