एस्टिमा डीलरला देण्याआधी

ऑकलंडमध्ये जपानहून आलेली जुनी टोयोटा एस्टिमा विकायची तर डीलरला देऊन मोकळं व्हा, हा सल्ला मला काही पटला नाही. तीन रांगांच्या गाडीला इथे गिऱ्हाईक असतंच, आणि टोयोटाने २०१९ मध्ये एस्टिमा बनवणंच थांबवलंय. घाई कशाला?

ट्रेड मी या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर जाहिरात टाकण्याआधी ताजं वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला, काढा. गाडी ताब्यात देताना ते महिन्यापेक्षा जुनं चालत नाही. समोरचा ‘आहे तशी’ घेत असेल तर तसं लेखी घ्या. गाडीचे किलोमीटर नोंदवलेला जपानमधल्या लिलावाचा कागद सापडला तर त्याचा फोटो टाकाच, कारण इम्पोर्टेड गाडीत किलोमीटरबद्दल शंका पहिली येते. सरकते दरवाजे बटणावर नीट चालतात का, याचा छोटा व्हिडिओही जोडा. बघायला येणारा आधी तेच दाबून बघतो. गाडीतल्या स्क्रीनची भाषा जपानीच राहू दे, त्यावर खर्च नको. जपानी रेडिओवर इथली स्टेशनं लागावीत म्हणून जोडतात तो बँड एक्सपांडर नसेल तर मात्र सांगून टाका, नाहीतर ९० मेगाहर्ट्झच्या वरची स्टेशनं लागत नाहीत म्हणून फोन येईल.

पैसे खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या, आणि त्याच दिवशी एनझेडटीएकडे (न्यूझीलंडच्या सरकारी वाहतूक संस्थेकडे) विक्रीची ऑनलाइन नोंद करा. नाहीतर पुढच्याचे दंड तुमच्या नावावर.