शब्दचर्चा : 'नॉनपार्टिझन' निवडणूक म्हणजे अपक्ष, निःपक्ष की आणखी काही?

नेपरविल, इलिनॉय

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या अंकात शिकागोच्या नगरपरिषद निवडणुकीवर दोन पानं द्यायची आहेत आणि मी पहिल्याच वाक्याला अडले आहे. इथे या निवडणुकीला 'नॉनपार्टिझन' म्हणतात. भाषांतरयंत्राने 'निःपक्षपाती निवडणूक' असा शब्द हातावर ठेवला. शिकागोची निवडणूक निःपक्षपाती असते असं छापलं तर इथली जुनी माणसं पोट धरून हसतील. 'अपक्ष निवडणूक'ही कानाला बरं वाटत नाही. शिवाय 'ऑल्डरमन' (इथला नगरपरिषदेचा सदस्य) आणि 'रनऑफ' (कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत होणारं मतदान) रांगेत आहेतच. सुचवा काहीतरी.

सांगली

ताई, निःपक्षपाती पंच असतो, निवडणूक आयोग असतो (असावा!). तो वागण्याचा गुण झाला. 'अपक्ष' हे उमेदवाराचं विशेषण आहे, आणि आपल्याकडे त्याला तिकीट न मिळालेल्या माणसाचा वास येतो. काल बंडखोर, आज अपक्ष, निकालानंतर स्वगृही. त्याला आयोग शिट्टी, कपबशी, बॅट असं काहीतरी चिन्ह देतो, म्हणजे तो अपक्ष आहे हे मतदाराला मतपत्रिकेवरच कळतं. तुमच्याकडे तसं काही दिसतं का?

नेपरविल, इलिनॉय

काहीच नाही. चिन्ह नाही, पक्षाचं नाव नाही, नुसती उमेदवारांची नावं एकाखाली एक. २८ फेब्रुवारी २०२३ला महापौरपदासाठी अशी नऊ नावं होती. तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट पहिल्याच फेरीत बाद झाल्या आणि ४ एप्रिलच्या फेरीला ब्रँडन जॉन्सन आणि पॉल वॅलस उरले. दोघंही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे. जॉन्सन यांच्यामागे शिक्षकांची संघटना, वॅलस यांच्यामागे पोलिसांची. मतपत्रिका कोरी असली तरी कोण कोणाचा हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. जॉन्सन निवडून आले.

सांगली

मग ही आमची ग्रामपंचायतच की! महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह चालत नाही. गावात पॅनेल उभी राहतात, बोर्डावर ग्रामदैवताचं नाव, आणि पॅनेलमागे कोण आमदार आहे ते पारावर बसलेल्या कुणालाही विचारा. निकालाच्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपापल्या ग्रामपंचायतींचा आकडा सांगतो आणि कधीकधी सगळ्यांची बेरीज गावांपेक्षा जास्त भरते. आमच्याकडे याला सरळ 'पक्षचिन्हावर नसलेली निवडणूक' म्हणतात. तेच घ्या.

ठाणे

चिन्ह हा आपला मामला आहे. तिथे पक्षाच्या निवडणुकीतही मतपत्रिकेवर हत्ती (रिपब्लिकन) की गाढव (डेमोक्रॅट) ते बघून शिक्का मारत नाहीत, नावापुढे पक्ष लिहिलेला असतो. त्यामुळे 'चिन्ह' शब्द वाचकाला उगाच आपल्या मतदान केंद्रावर घेऊन जाईल.

'पक्षविरहित' रूढ आहे, पण त्यावर 'पक्षविरहित लोकशाही'ची सावली आहे. जयप्रकाश नारायणांच्या वेळी हा शब्द ऐकलेल्या पिढीला त्यात पक्षच नकोत असा विचार ऐकू येतो. शिकागोत पक्ष नकोत असं कोण म्हणतंय? आणि कुणी 'बिनपक्षी' सुचवायच्या आत सांगून ठेवतो, त्यात चिमण्या-कावळे नसलेली निवडणूक दिसते.

माझं मत : पहिल्यांदा फोड करून लिहा, 'मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसलेली निवडणूक'. एकदा अर्थ बांधून दिला की पुढे 'पक्षविरहित' खुशाल वापरा.

नेपरविल, इलिनॉय

फोड करून लिहिणं पटलं. कारण इथली गंमतच ती आहे. वॉर्डातला नगरपरिषद सदस्य पक्षनावाविना निवडला जातो, पण त्याच वॉर्डात पक्षाचा 'कमिटीपर्सन', म्हणजे वॉर्डातला पक्षाचा प्रमुख, असतो आणि तो पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतून (पक्ष आपली माणसं ज्या मतदानातून ठरवतो तिथून) येतो. पुष्कळदा दोन्ही खुर्च्यांवर माणूस एकच!

आणि सगळे एकाच पक्षाचे म्हणून एकोपा असतो असंही नाही. १९८३मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. परिषद जवळजवळ सगळी डेमोक्रॅटांची, तरी २९ विरुद्ध २१ अशी उभी फाटली. २९च्या गटाचे पुढारी एडवर्ड व्रडोल्याक हे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) डेमोक्रॅटिक पक्षाचेच अध्यक्ष. महापौरांचे ठराव अडवायचे, नेमणुका लटकवायच्या, हे तीन वर्षं चाललं. न्यायालयाच्या आदेशाने वॉर्डरचना बदलली, १९८६ला सात वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा कुठे २५-२५ झाले आणि महापौरांच्या निर्णायक मताला किंमत आली.

ठाणे

म्हणजे पक्ष हा शब्द तिथे कामाचाच नव्हता, 'गट' होता. आपल्या वर्तमानपत्री मराठीत 'गट' आणि 'पक्ष' यांतला फरक अलीकडे न्यायालयालाच विचारावा लागतो, पण ते असो. महापौरही तेव्हा पक्षाविनाच निवडत होते का?

नेपरविल, इलिनॉय

नाही. सदस्यांची निवडणूक १९२०च्या दशकापासून तशी, महापौरांची मात्र पक्षावर. वॉशिंग्टन आधी पक्षाच्या प्राथमिक फेरीत जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांना हरवून आले, मग रिपब्लिकन उमेदवाराला हरवलं. प्राथमिक फेरीत मतं तिघांत विभागली होती, निम्म्याच्या वर जायची अटच नव्हती. १९९५च्या कायद्याने महापौरपदही पक्षनावाविना झालं, १९९९ला पहिली तशी निवडणूक झाली. आता निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत रनऑफ.

नवी दिल्ली

'ऑल्डरमन'बद्दल सावध करतो. दिल्ली महापालिकेच्या बातम्यांत 'एल्डरमन' येतात ते नायब राज्यपालांनी नेमलेले दहा सदस्य. त्यांच्या नेमणुकीचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२४ला निकाल लागला. महापालिकेच्या सभागृहात त्यांना मत नाही. महाराष्ट्रात अशांना 'स्वीकृत सदस्य' म्हणतात. शिकागोचा ऑल्डरमन निवडून आलेला आणि चांगलाच वजनदार. शब्द तसाच ठेवलात तर इकडचे वाचक त्याला मागच्या दाराने आलेला समजतील.

सांगली

'नगरसेवक' लिहा, संपलं. तिकडे ५०, मुंबईत २२७.

ठाणे

मुंबईशी एक साम्य खरं आहे : एका प्रभागात एकच सदस्य. शिकागोत १९२३पासून ५० वॉर्ड आणि वॉर्डामागे एक. पुण्या-नाशकात चार-चारचा प्रभाग असतो, तिथल्या वाचकाला हे सांगावं लागेल. 'वॉर्ड'चं भाषांतर 'प्रभाग' करा, कारण मुंबईकराचा वॉर्ड म्हणजे जी उत्तर, के पश्चिम, पाणी आलं नाही की तक्रार करायची कचेरी.

नेपरविल, इलिनॉय

नगरसेवक ठीक, पण एक पेच. २०२१ला इलिनॉयच्या कायद्यातून 'ऑल्डरमन' काढून 'ऑल्डरपर्सन' घातलं. 'नगरसेवक' म्हटलं की बाई निसटते, 'नगरसेवक-नगरसेविका' प्रत्येक ओळीत जड होतं.

ठाणे

'परिषद सदस्य'. सदस्याला स्त्री-पुरुष दोन्ही चालतात.

जाता जाता, ऑल्डरमनचा मूळ अर्थ 'वडीलधारा', 'एल्डर'चाच भाऊबंद. आपल्याकडे अगदी याच घडणीचा शब्द होऊन गेला : महत्तर. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिल्याचं ज्यांना कळवायचं त्यांची यादी येते, राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, महत्तर. (तिथला राष्ट्रपती म्हणजे प्रांताचा अधिकारी, दचकू नका.) महत्तर म्हणजे गावचे मानकरी ज्येष्ठ. त्यावरूनच 'म्हातारा' आला आणि 'म्हात्रे' आडनावही, असं मानतात. अंकात वापरू नका, पण माझ्यापुरता शिकागोचा ऑल्डरमन म्हात्रेच राहील.

नेपरविल, इलिनॉय

हे चौकटीत टाकणारच! आता रनऑफ. 'फेरनिवडणूक' चालेल?

सांगली

मुळीच नाही. फेरनिवडणूक म्हणजे आधीची रद्द झाली. फेरमतदान म्हणजे केंद्रावर राडा झाला. 'दुसरी फेरी' म्हणा, नाहीतर 'निर्णायक फेरी'. आणि उमेदवारी अर्जाचं काय? पक्ष नाही म्हणजे एबी फॉर्म (पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र) नाही, मग गर्दी कशी आवरतात?

नेपरविल, इलिनॉय

सह्यांनी. २०२३ला परिषदेसाठी वॉर्डातल्या मतदारांच्या किमान ४७३ सह्या लागत होत्या, महापौरपदाला साडेबारा हजार. गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट गोळा करतात, कारण प्रतिस्पर्ध्याची माणसं एकेक सही तपासतात : हा वॉर्डाबाहेरचा, ही सही जुळत नाही, याचं नावच यादीत नाही. याला 'छाननी' लिहिलं आहे.

सांगली

सह्या करणारे ते 'सूचक'. पण छाननी नको. आपल्याकडे छाननी निवडणूक निर्णय अधिकारी करतो, कुणी तक्रार केली नाही तरी करतो. तिथे अधिकारी आपणहून करतो का?

नेपरविल, इलिनॉय

नाही. कुणी आव्हान दिलं नाही तर अर्ज वैधच धरतात.

सांगली

मग 'हरकत'. हरकत घेतली, हरकतीवर सुनावणी झाली, अर्ज बाद ठरला.