अमेरिकेत अधिवेशनाच्या हॉटेलमध्ये संप झाला तर करार मोडता येतो का?

प्रश्न: आमच्या संघटनेचे अधिवेशन अमेरिकेत तीन वर्षांनी आहे. हॉटेलच्या करारात ‘अपरिहार्य परिस्थिती’चे कलम आहे, म्हणजे हाताबाहेरच्या कारणाने करार पाळणे अशक्य झाले तर दंडाशिवाय मोडता येतो. तेवढे पुरेल का?

उत्तर १: बहुतेकदा नाही. संपातही हॉटेल बदली कामगार आणून चालू राहते आणि ‘आम्ही सेवा देतोय’ म्हणते. म्हणून संप, टाळेबंदी (मालकानेच कामगारांना कामावर येऊ न देणे), निदर्शने आणि युनियनने पुकारलेला बहिष्कार हे चारही शब्द कलमात वेगवेगळे लिहून घ्या. वाद सुरू होताच हॉटेलने लेखी कळवण्याची मुदतही घाला, उदा. १० दिवस. सही करण्याआधी हॉटेलचा कामगार युनियनशी असलेला करार कधी संपतो ते विचारा. तो अधिवेशनाच्या आधी संपत असेल तर खरी जोखीम तिथेच आहे.

उत्तर २: रद्द न करताही फटका बसतो, हे फार जण विसरतात! राखीव खोल्यांपैकी ठरलेला हिस्सा, समजा ८० टक्के, भरला नाही तर उरलेल्यांचे पैसे संघटनेच्या माथी. सभासदांनी तत्त्व म्हणून दुसरीकडे मुक्काम केला की नेमके हेच होते. वादाच्या काळात ही अट स्थगित राहील असे लिहून घ्या.

उत्तर ३: सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉटेल-वादामुळे अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेने २००५चे अधिवेशन सॅन होजेला हलवले. जागा हलवण्याचा निर्णय कोण आणि किती मतांनी घेणार, हे कार्यकारिणीने आधीच ठरवावे. रद्द करण्याचा दंड तारीख जवळ येईल तसा वाढत जातो, त्यामुळे बैठकीची वाट पाहणे महागात पडते.